दामूभावजींची रानातली पंगत

आमच्या गावाच्या वर, टेकडीच्या उतारावर, किंजळीच्या एका झाडाला काळा फळा टांगलेला आहे. त्यावर खडूने मेनू लिहिलेला असतो. 'पहिली शिफ्ट : नाचणी, वरी. दुसरी शिफ्ट : चवळी, कुळीथ. तिसरी शिफ्ट : करांदे, रताळी.' आणि खाली रेघ मारून, 'अन्न वाया घालवू नये.' पहिल्या शिफ्टला मोर आणि रानकोंबड्या येतात, दुसरीला ससे आणि भेकर, तिसरीला डुकरं. यातल्या कुणालाही वाचता येत नाही, हे मी एकदा फळा लिहिणाऱ्याच्या कानावर घातलं.

दामूभावजी म्हणाले, "कंपनीत तरी कोण वाचायचं, वयनी? फळा जेवणाऱ्यासाठी नसतो, रांधणाऱ्यासाठी असतो. एकदा लिवलं की करावंच लागतं."

दामूभावजी म्हणजे आमच्या ह्यांचे चुलतभाऊ, ह्यांच्याहून थोडे लहान. रोह्याच्या एका कंपनीत ते कॅन्टीनला होते. भांडी घासायला लागले आणि सुपरवायझर होऊन निवृत्त झाले. उभा जन्म तीन शिफ्टच्या माणसांना जेवायला घालण्यात गेला. लग्न केलं नाही. का केलं नाही विचारलं तर "शिफ्ट जुळली नाय" एवढंच सांगतात, आणि तेही इतक्या सरळ चेहऱ्याने की पुढे विचारायची सोय राहत नाही.

मी मूळची पेणजवळच्या जोह्याची. गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करत मोठी झाले, त्यामुळे माणूस भेटला की मी आधी त्याचे डोळे बघते. लग्न होऊन रोह्याकडे आले तेव्हा सासरचे सगळे डोळे असेच बघून घेतले होते. सासऱ्यांचे आढ्याला, सासूबाईंचे माझ्या हातातल्या कामाला, आणि दामूभावजींचे दुसऱ्याच्या ताटाला. हावरेपणाने नव्हे हो. कोणाचं काय संपलं, कोणी काय बाजूला सारलं, याची त्यांना काळजी. तुम्ही जेवत असताना ते समोर उभे राहिले तर घास घशात अडकतो. "भात ठेवलास? म्हणजे आमटी खारट झाली," असं ते तुमच्या ताटाकडे बघून सांगणार, आणि आमटी मी केलेली असणार.

जोह्याला माझ्या भाचीचं लग्न होतं, तिथे भावजी पाहुणे म्हणून आले. पहिली पंगत बसेपर्यंत ठीक होते. मग मांडवाच्या टोकाला बसलेल्या मूर्तिकामाच्या मजुरांना जिलबी कमी वाढतायत असं त्यांच्या नजरेला आलं. त्यांनी कोट काढून खुर्चीला लावला, वाढप्याच्या हातातली परात घेतली, आणि संध्याकाळपर्यंत काही ती खाली ठेवली नाही. केटररने माझ्या भावाला विचारलं, हा माणूस कुणाचा? भाऊ म्हणाला, आमच्या ताईच्या सासरचा, त्याला काही बोलू नका. भावजी जाताना सगळ्यांचा निरोप घेऊन गेले. ते जेवले नाहीत हे दुसऱ्या दिवशी लक्षात आलं.

त्यांचं एकच तत्त्व. पंक्तिप्रपंच करायचा नाही. एका पंगतीत बसलेल्याला एकच वाढायचं, साहेब असो की हमाल. कॅन्टीनमध्ये तिसऱ्या शिफ्टला दुसऱ्या शिफ्टचं उरलेलं गरम करून द्यायची पद्धत होती, ती त्यांनी मोडून काढली. वरच्या साहेबाने विचारलं, रात्री ताजं रांधणार कोण? भावजी म्हणाले, मी. आणि मग बरीच वर्षं तेच रांधत होते. ही गोष्ट आम्हाला त्यांनी नाही सांगितली, पेणच्या बाजारात भेटलेल्या त्यांच्या एका जुन्या कामगाराने सांगितली. सांगताना त्या माणसाने हातातल्या पिशव्या खाली ठेवल्या होत्या.

असा माणूस निवृत्त झाला की काय करणार? घरी बसून भजन करणार, असं आम्हाला वाटलं. भावजी टेकडीवर गेले.

वर त्यांच्या वडिलांची वरकस जमीन आहे. एके काळी तिथे पालापाचोळा जाळून, उतार खणून नाचणी-वरी करायचे. मग रोह्याला कंपन्या आल्या, माणसं शिफ्टला जाऊ लागली आणि उतारावर रान आलं. रान म्हणजे मोठे वृक्ष नव्हेत. मनगटाएवढ्या काठ्यांची नुसती दाटी. किंजळ, कुडा, एखादा साग नि ऐन, आणि मधल्या जागेत घाणेरी. लांबून बघाल तर हिरवंगार. आत शिरलात तर जमिनीवर हिरवी काडी नाही, कारण खाली ऊनच पोचत नाही. भावजी आत शिरले, अंगभर ओरखडे घेऊन बाहेर आले आणि आमच्या ह्यांना म्हणाले, "दादा, टेबल-खुर्च्या मायंदाळ हायत, पण जेवान कायच नाय. डुक्कर खाली तुझ्या भातात येल नायतर काय करील?"

हे म्हणाले, "मग?"

"मग काय. कॅन्टीन चालू करायला पायजे."

आता इथे एक सांगायला हवं. आमच्याकडे रानडुक्कर म्हणजे चेष्टेचा विषय नाही. भात पिकायला आलं की माणसं मचाणावर जागतात, पत्र्याचे डबे वाजवतात, जुन्या साड्यांची कुंपणं करतात. आणि हा माणूस डुकरांसाठी पेरायला निघाला. आमच्या शेजारचा शेतकरी बाळाराम तर म्हणाला, "चोराच्या हातात किल्ली दिली ती दिली, वर चहा पन पाजताय."

भावजींनी लक्ष दिलं नाही. त्यांनी रान सरसकट तोडलं नाही, तुकड्या-तुकड्याने मोकळं केलं. घाणेरी उपटली, काठ्या विरळ केल्या. सागाला आणि ऐनाला हात लावला नाही. उंबर, जांभूळ, आवळा अशी खाण्याची झाडं असतील तिथे तर आणखी जागा करून दिली. तोडलेल्या काठ्यांचे बुंधे जमिनीतच ठेवले, माती धरायला. फांद्या उतारावर आडव्या घातल्या. पाचोळा जाळला नाही, तिथेच राहू दिला. आणि नांगर तर सोडाच, कुदळसुद्धा क्वचित. टोकदार काठीने भोक पाडायचं, दाणे टाकायचे, पायाने माती सारायची, पुढे चालायचं.

धरमतरकडचा एक जेसीबीवाला कुठूनसं ऐकून आला. म्हणाला, "काका, एका सकाळीत सगळं साफ करून देतो." भावजींनी त्याला बसवलं, चहा दिला, पोहे दिले आणि मग म्हणाले, "ताट घासायला तू फावडं घेतोस काय? ही माती एकदा सुटली की पहिल्या पावसात वयनीच्या शेतात जाऊन बसंल. मग मी जेवान कशात वाढू?" तो पोहे मात्र दोनदा खाऊन गेला.

नांगरणी अशी झालीच तर डुकरांनी केली. करांद्यांचे कंद काढायला ती मुसंड्या मारून जमीन उकरायची. भावजी सकाळी जायचे आणि त्याच उकरलेल्या मातीत पुढचं बी टोकायचे. "जेवतात आनि जाताना भांडी पन घासून ठेवतात," असं त्यांचं डुकरांविषयी मत होतं. माकडांविषयी मत वाईट होतं. "त्यांच्याकडं कूपन नसतं." भेकराने चवळीला तोंड लावून सोडली तेव्हा ते आमच्या ओट्यावर येऊन गंभीरपणे म्हणाले, "दुसऱ्या शिफ्टची तक्रार हाय. मेनू बदलावा लागंल."

झाडं तोडतायत म्हणून वनखात्याचा एक माणूस चौकशीला आला. सगळा उतार फिरला, बुंधे बघितले, मग फळ्यापुढे बराच वेळ उभा राहिला. "यात बिबट्याचं काय?" त्याने विचारलं.

"आमच्यात नॉनव्हेज बुधवारीच असायचं," भावजी म्हणाले. "बिबट्यानं भायेर जेवावं."

तो माणूस हसत गेला, पण गाव हसत नव्हतं. गेल्या भाताच्या वेळी, कापणीच्या आधी, मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर बैठक बसली. बाळारामने सरळ विषय काढला. "दामूकाका, तुमी खायला घालून त्यांना माजवताय. ह्या साली डुक्कर खाली उतरला तर वरचं बंद. पुन्हा बी टाकायचं नाय, रान येल तसं येऊ द्यायचं. कबूल?"

भावजींनी क्षणभर वर टेकडीकडे बघितलं. मग म्हणाले, "कबूल."

आमचं शेत टेकडीच्या अगदी पायथ्याला. डुक्कर उतरलं तर पहिलं पाऊल आमच्यात. म्हणजे भावजींची परीक्षा आमच्याच बांधावर होती. मी ह्यांना म्हटलं, आपण नेमके कुणाच्या बाजूचे? हे म्हणाले, "भाताच्या."

आणि भात वाचलं. आमचंच नाही, बाळारामचंही. एक लोंबी मोडली नाही. मचाणावर जागणारे दोन आठवड्यांत कंटाळून घरी झोपायला लागले. डुकरं वर करांद्यांत गुंतली होती. कापणी संपली त्या दिवशी फळ्यावर 'आज गोड' असं लिहिलेलं मी स्वतः वाचलं. आणि एका सकाळी बाळाराम डोक्यावर पिकून फुटायला आलेला लाल भोपळा घेऊन टेकडी चढताना दिसला. मी हाक मारली तर म्हणाला, "फुकट सडनार होता," आणि भराभर पुढे गेला.

सगळं इथेच थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण आमच्याकडे भातानंतर वाल असतो.

बाहेरच्यांना वालाचं महत्त्व सांगून कळायचं नाही. भात कापलं की त्याच शेतात, उरलेल्या ओलीवर वाल टाकायचा. पाऊस नको, पाणी नको. पौषात शेंगा भरतात. आमच्या कडव्या वालाची वाट मुंबईचे नातेवाईक आमच्यापेक्षा जास्त बघतात. मला विचाराल तर भात हे पोटासाठी आणि वाल हा जिवासाठी.

एका सकाळी मी शेतावर गेले तर अर्धं शेत उलटंपालटं. वेल उपटलेले, शेंगा चावून टाकलेल्या, माती नांगरल्यासारखी. खुरांचे ठसे टेकडीकडून आलेले आणि टेकडीकडे गेलेले. मी बांधावरच बसले. आमच्याकडे डुकरांनी भात खाल्लेलं मी पाहिलंय, रताळी खाल्लेली पाहिलीयत. वालात अशी कधी शिरली नव्हती. मग ही बुद्धी त्यांना आली कुठून?

कुठून ते मला वर गेल्यावर कळलं. रागाच्या भरात मी टेकडी चढले. फळ्यावर तिसऱ्या शिफ्टपुढे लिहिलं होतं, 'करांदे, वाल.' वरच्या एका तुकड्यात, पाचोळ्याखाली ओल धरून, भावजींनी पाऊस जाता जाताच वाल टोकला होता. आमच्या आधी तयार झालेला. तो फस्त झाला होता, देठसुद्धा नव्हते. चव लागली, वरचा संपला, आणि मग वास काढत मंडळी खाली आली. भात राखलेल्या माणसाने स्वतःच्या हाताने डुकरांना वाल शिकवला होता.

मी तशीच भावजींच्या घरी गेले. दुपारची जेवायची वेळ होती. काय काय बोलायचं ते वाटेत जुळवून ठेवलं होतं, आणि त्यातलं काही शोभण्यासारखं नव्हतं. दार उघडंच होतं. मी थेट स्वयंपाकघरात गेले. फळीवर मोठमोठी पातेली आरशासारखी घासून पालथी घातलेली. चूल थंड, गॅस बंद. आणि भावजी जमिनीवर बसून चहात ग्लुकोजची बिस्किटं बुडवून खात होते.

"जेवलात?" मी विचारलं. भांडायला आलेल्या बाईने हे विचारायचं नसतं, पण तोंडातून तेच आलं.

"हेच," ते म्हणाले. मग माझा चेहरा बघून त्यांना वाटलं, आणखी काही सांगावं. "एकट्यापुरता अंदाज नाय येत, वयनी. चारशे मानसांचा भात सांग, मीठ न चाखता करतो. पन एक मूठ तांदूळ घेतला की हात थांबतच नाय. पातेलंभर होतो. मग तो खायचा कोनी? म्हनून नाय करत."

मी बसले. वालाचं सांगितलं. बिस्किट चहात विरघळून गेलं तरी त्यांच्या लक्षात आलं नाही.

"भावजी, डुकराला वाल कशाला घातलात?"

"खाली आपन सगळे वाल खानार," ते म्हणाले, "आनि वर तिसऱ्या शिफ्टला नुसते करांदे? बरं नाय वाटलं." मग उठून कप विसळत म्हणाले, "उद्यापासून वरचं बंद. शब्द दिलाय. तू बाळारामला सांग, नायतर मीच सांगतो."

मला राग आला होता तो गेला नव्हता. माझा वाल गेला होता. पण तो कप विसळून झाला तरी ते विसळतच राहिले होते, आणि ते मला बघवेना.

संध्याकाळी ओट्यावर पुन्हा बैठक बसली. बाळारामने सुरुवात केली, तेवढ्यात मी म्हटलं, "शेत माझं गेलंय, तर मीच बोलते." बायका ओट्यावर फारशा बोलत नाहीत. ह्यांनी खाली मान घातली.

मी म्हटलं, "भात कुणी राखलं ते सगळ्यांना ठाऊक हाय. भोपळा कुणी नेला तेही मला ठाऊक हाय." बाळाराम देवाकडे बघायला लागला. "वरचं चालू ऱ्हावं. फक्त वर वाल टाकायचा नाय."

यावर हरकत घेतली ती खुद्द भावजींनी. "तसं नाय चालनार, वयनी. मग तो पंक्तिप्रपंच होतो. त्यापरीस बंद केलेलं बरं."

सगळा ओटा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "भावजी, पंक्तिप्रपंच कधी होतो? एका पंगतीला दोन तऱ्हेचं वाढलं तर. डुकरं काय आपल्या पंगतीला हायत? त्यांचा मांडव वेगळा. वेगळ्या मांडवात वेगळा बेत चालतो. बारशाला कोन लाडू करतं आनि साखरपुड्याला कोन पेढे, म्हनून कुनी रागावतं काय?"

भावजींनी पुष्कळ विचार केला. कंपनीतल्या जन्मभराच्या पंगती त्यांनी मनातल्या मनात तपासल्या असाव्यात. शेवटी म्हणाले, "व्हय. मांडव वेगळा हाय खरा." बाळारामने लगेच "झालं तर मग" म्हणून चपला शोधल्या. डुकरांना वालाची चव विसरायला एखादा हंगाम जाईल, तोवर आमच्या बांधावर राखण गावाने मिळून करायची, असं ठरलं.

उठता उठता मी भावजींना म्हटलं, "उद्या दुपारी आमच्याकडं जेवायला या."

"वाढायला कोन हाय?"

"मी हाय."

डुकरांनी सोडलेल्या शेंगा वेचून मी ओल्या वालाचं बिरडं केलं, आणि तांदळाच्या भाकऱ्या. भावजी आले, हात धुतले आणि थेट चुलीकडे वळले. मी डाव माझ्याच हातात घट्ट धरून ठेवला. शेवटी ह्यांनी दंडाला धरून त्यांना पाटावर बसवलं. ताटात बिरडं पडलं तरी भावजी बसले तसेच बसले होते, हात मांडीवर ठेवून. मग सावकाश जेवायला लागले. शेजारी ह्यांचं ताट होतं, तेसुद्धा त्यांनी बघितलं नाही. दुसरी भाकरी वाढली तेव्हा 'पुरे' म्हणायला तोंड उघडलं, आणि भाकरीचा तुकडा मोडला.

हे जेवून उठले, चूळ भरली, ओट्यावर सुपारी कातरायला जाऊन बसले. भावजी उठले नाहीत. ताट स्वच्छ झालं होतं, उजवा हात वाळून गेला होता, तरी पाटावर तसेच. मला वाटलं, संकोचलेत.

"आनखी थोडं देऊ?"

"नको गो वयनी. पोट भरलं."

"मग हात धुवा ना. हात वाळला."

"तू आता जेवनार ना," भावजी म्हणाले. "एकट्यानं घास उतरत नाय. वाढून घे तू. मी बसतो जरा."

इतकी वर्षं मी या घरात सगळ्यांचं झाल्यावर भिंतीकडे तोंड करून जेवतेय. हे कुणाच्या लक्षात आलं असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी माझं ताट वाढून घेतलं आणि त्यांच्यासमोर येऊन बसले.